दोर मेव्हण्याच्या हाती

सावरीचं झाड रिकामं कधी असतं, हे मी सांगितलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोला माहीत नाही, मित्रांना माहीत नाही, आणि ज्या माणसाला ते सगळ्यांत आधी कळायला हवं होतं तो माणूस ते न कळताच गेला. जाताना माझ्याविषयी चांगलंच मनात धरून गेला, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

तो माणूस म्हणजे येरवड्यातले आमचे घरमालक. तुरुंगातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, हवालदार म्हटलं की पुरे. मूळचे जुन्नरच्या वरच्या घाटमाथ्यावरचे. मी खोली बघायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "गाव कंचं?"

मी म्हटलं, "नगर."

"मंजी डोंगर न्हाई. बरं. आमी डोंगराचं. महादेव कोळी. आता तुमची जात सांगू नका, मला तुमच्या वागन्याशी मतलब हाय."

ओळीत बांधलेल्या खोल्या, समोर फरशीचं अंगण, आणि त्या अंगणाला अजिबात न शोभणारं भलंथोरलं लोखंडी फाटक. खोल्यांना ते 'बराक' म्हणत. भाडेकरूकडे कुणी पाहुणा आला की ती 'मुलाखत'. माझी आई नगरहून चार दिवस राहायला आली, तर तिच्यासमोर मला विचारलं, "मुलाखत किती दिस चालनार?" आईने रात्री जेवताना हळूच चौकशी केली, "तू इथे काही करून तर नाही ना बसलास?"

संध्याकाळी दिवेलागणीला ते अंगणात उभे राहून शिट्टी फुंकत. खाकी हाफपँट, वर बंडी, पायात कातडी चपला. शिट्टी झाली की प्रत्येक बिऱ्हाडाने दारात तोंड दाखवायचं. ही 'गिनती'. कामावरून यायला उशीर झालेला माणूस 'फरारी', आणि फरारी परत आला की त्याला फाटकाच्या आतूनच दोन मिनिटं शिव्या. कुणी चिडलं तर म्हणत, "चिडू नगा. सरकार मला पगार देत हुतं तवा म्या हेच केलं, आता फुकट करतोय."

भाडेकरूंची गिनती झाली की ते मागच्या भिंतीकडे जात. भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे एक मोकळा प्लॉट, आणि त्या प्लॉटमध्ये एकटी काटेसावर. इतकी उंच की खालच्या टपऱ्या तिच्यापुढे काड्यापेट्यांसारख्या दिसत. दिवाळीच्या सुमाराला तिच्या आडव्या फांद्यांखाली आग्या मोहोळं येऊन लटकत. सुपाएवढी, काही परातीहून मोठी, काळीभोर, आणि मधूनच अख्ख्या मोहोळावरून लाट फिरल्यासारखी चमक जाई. हवालदार भिंतीवर हात टेकून ती मोहोळं बोटाने मोजत. मग मोठ्याने म्हणत, "गिनती बरोबर. बंद!" त्यानंतरच त्यांच्या गळ्याखाली चहा उतरे.

त्या झाडाला त्यांनी कधी हात लावला नाही. मध काढायचा तो गावच्या कड्यावरचा. "ह्ये सरकारी पाव्हनं," म्हणत. "आपन फकस्त पहारा द्यायचा." पेटीतल्या मधमाश्यांबद्दल मात्र त्यांना मनस्वी तिरस्कार. शेजारच्या एका निवृत्त मास्तरांनी हौसेने गच्चीवर पेटी ठेवली, ती पाहायला हवालदारांना आदराने बोलावलं. हे गेले, झाकण उघडून आत पाहिलं, म्हणाले, "कच्चं कैदी," आणि चहा न घेता उतरून आले.

हे सगळं गमतीचं वाटतं. मलाही वाटायचं. पण त्यांच्याबरोबर राहणं गमतीचं नव्हतं. आग्या माशी रात्री उजेडाकडे झेपावते, म्हणून दिवाळी ते पाऊस बाहेर एकही दिवा लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम. ऐन दिवाळीत आमचं अंगण काळंकुट्ट. आकाशकंदील लावलेला दिसला की ते काठीने खाली ओढत. संडास अंगणाच्या टोकाला, तिथवर चाचपडत जायचं.

याचा सगळ्यात जास्त संताप एका भाडेकरूला होता. तो मार्केट यार्डात, भुसार बाजारात तोलणारा होता. पोत्यांची वजनं करायची, आकडा ओरडून सांगायचा, दिवसभर तेच काम, त्यामुळे घरीही त्याचा आवाज चढलेलाच असे. पहाटे निघायचा, तेव्हा एकदा अंधारात बादलीला अडखळून पडला, गुडघा फुटला. संध्याकाळी गिनतीला दारात उभा राहून ओरडला, "हवालदार, जन्मठेप माश्यांना हाय का मला?"

"तुला. त्येंनी काय गुन्हा केलाय?"

"एक दिस ते झाडच जाळतो का नाही बघा!"

सगळे हसले. हवालदार हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य कुठेतरी आत ठेवून दिलं, तुरुंगात कैद्याचं सामान ठेवून देतात तसं. ते पुढे निघालं.

आता दोराविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्या दोराशी येऊन थांबतं.

त्यांच्या वाडीच्या वर एक सरळ कडा आहे. वैशाखात त्यावरची मोहोळं मधाने भरतात. वरच्या झाडाला दोर बांधून माणूस खाली सोडतात. झाडाला बांधलेला असला तरी दोरावर एक माणूस बसवावा लागतो, ढील द्यायला, ओढून घ्यायला, दोर कपारीवर घासतोय का ते पाहायला. त्यांच्या वाडीची रीत अशी की तो माणूस मेव्हणाच पाहिजे. भाऊ नाही, मुलगा नाही, बायकोचा भाऊ.

"भाऊ का नाही?" मी विचारलं.

"भावाला वाटनी भेटते," हवालदार म्हणाले. "पोराला घर भेटतं. मेव्हन्याला काय भेटतं? रांडाव बहीन! त्यो दोर सोडंल का?"

इतका थंड, इतका पक्का विचार मी कुठल्या वकिलाच्या तोंडूनही ऐकलेला नाही.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, एकच भाऊ. तो वारला आणि हवालदारांचं कड्यावर उतरणं थांबलं. तुरुंगातल्या एवढ्या वर्षांत जे थांबलं नव्हतं ते मेव्हणा गेल्यावर थांबलं. गावातली पोरं म्हणत, आम्ही धरतो की. हे म्हणत, तुमाला काय माजी बायको कोन लागती?

मी राहायला गेल्यावर दुसऱ्या भाऊबीजेला काकूंनी मला हाक मारली. पाट मांडलेला, ताटात निरांजन, सुपारी, करंज्या. मला बहीण नाही. मी गोंधळून बसलो. काकूंनी कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाल्या, "दादा, हेंचा दोर धराल ना?"

मला वाटलं, काहीतरी बोलण्याची पद्धत असेल. मी हो म्हटलं. दारात उभे असलेले हवालदार मोठ्याने हसले. "झालं! मेव्हनं आलं!" त्या दिवसापासून मी 'साहेब'चा 'मेव्हनं' झालो. मी मात्र सवयीने काकूच म्हणत राहिलो. यावरून किती वेळा शिव्या खाल्ल्या! "भैनीला काकू म्हनता व्हय? कंच्या शाळेत शिकला?"

पुढच्या वैशाखात खरंच कड्यावर गेलो. मी दोर धरला. दोन्ही हातांची कातडी सोलवटली. खाली हवालदार, या वयात, ओल्या पाल्याच्या धुरात, डोक्याला घोंगडी गुंडाळलेले. माश्यांचा आवाज दगडातून येतोय असं वाटत होतं. त्यांनी मोहोळाचा फक्त मधाचा कोपरा कापला. अंडी-अळ्यांचा भाग तसाच लटकत ठेवला. पहिला तुकडा दरीत टाकला, कड्याचा म्हणून. वर आले तेव्हा डोळा सुजून बंद झालेला आणि तोंडभर हसू. मला म्हणाले, "बगा, जित्ता आलो. आता तुमाला म्या कदी काय विचारनार न्हाई. दोर धरनाऱ्याला विचारायचं नसतं."

उतरताना त्यांनी मला एक जुनी जागा दाखवली. मोहोळ नव्हतं. खडकावर मेणाची पुसट चंद्रकोर. "ह्ये कदी खरवडायचं न्हाई. माशी गेली म्हून घर गेलं न्हाई. कुलूप लावून गेलीय. वास घेत परत येती."

"पावसाळ्यात जातात कुठे?"

"म्हाईत न्हाई. आज्यालाबी म्हाईत नव्हतं. कैद्याचा पत्ता विचारावा मेव्हनं, पाव्हन्याचा नगं."

मग येरवड्याच्या सावरीबद्दल त्यांनी आपणहून सांगितलं. मृग निघाला की एकेक मोहोळ उठायला लागतं. आषाढात झाड पार मोकळं. भाद्रपद सरला की टेहळणीच्या माश्या येतात, फांदीखालची मेणाची खूण हुंगतात, आणि दिवाळीला बिऱ्हाडं हजर. हे मी ऐकलं. नीट लक्षात ठेवलं. मी हुशार विद्यार्थी होतो.

मी काय काम करायचो ते अजून सांगितलं नाही. सांगायचं टाळत होतो, सवय आहे; बराकीतही 'ऑफिसात असतो' एवढंच सांगितलं होतं. कर्वेनगरात एक सल्लागार कंपनी होती, तिथे मी नोकरीला होतो. बांधकाम करायचं तर झाडं किती, पक्षी कुठले, पाणी कुठून वाहतं याची पाहणी लागते. ती आम्ही करून द्यायचो. बिल्डरला हवी तशी, असं कुणी कधी म्हणत नसे. 'व्यवहार्य' म्हणत. आमच्या साहेबांना हा शब्द फार प्रिय होता. शुद्ध मराठीत बेईमानी करता येते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

एके दिवशी चैत्रात साहेबांच्या टेबलावर येरवड्याच्या त्या प्लॉटचा नकाशा पसरला होता. बिल्डरचा माणूस समोर. साहेब म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. तेवढ्या एका झाडावर मोहोळं आहेत. ती असताना झाड काढायला परवानगी मिळणं अवघड. कुणी संस्थावाला उभा राहिला तर वर्ष जाईल."

बिल्डरचा माणूस म्हणाला, "औषध मारून टाकू ना."

साहेबांनी नाक मुरडलं. "छे छे. असं नको. व्यवहार्य काहीतरी." मग माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही त्याच बाजूला राहता ना? या माश्यांचं काही कळतं का तुम्हाला?"

मला कुणी धमकावलं नव्हतं. बढती दाखवली नव्हती. या घटनेला एखादं सभ्य कारण मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं शोधलं आहे. आईचं आजारपण, घराचे हप्ते, काहीही चाललं असतं. पण तसं काही नव्हतं. कारण एवढंच की त्या खोलीत ते मला एकट्याला माहीत होतं, आणि माहीत आहे हे दाखवायची मला हौस आली. नगरहून आलेल्या, मीटिंगमध्ये कुणी कधी काही न विचारलेल्या माणसाला प्रथमच कुणी 'अहो, तुम्हाला कळतं का' म्हणून विचारलं होतं. मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हणालो, "औषधाची गरजच नाही सर. आषाढात पाहणी ठेवा. झाड पूर्ण रिकामं असतं."

वर टेहळणीच्या माश्यांबद्दलही सांगितलं. मेणाच्या खुणेबद्दल सांगितलं. आवाजात अभ्यास आणून सांगितलं. साहेब म्हणाले, "वा! याला म्हणतात स्थानिक ज्ञान." आणि माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा मी प्यायलो.

आषाढात पाहणी झाली. फांदी न् फांदी पाहिली, एकही मोहोळ नाही, खरंच नव्हतं. एकही शब्द खोटा नाही. अशा खऱ्या शब्दांसाठी नरकात स्वतंत्र खोली असली पाहिजे.

महापालिकेत हरकतींची सुनावणी होती, तिला हवालदार गेले. मी गेलो नाही. ताप आहे सांगून खोलीत पडून राहिलो, आणि काकूंनी माझ्यासाठी मऊ भात करून पाठवला. संध्याकाळी हवालदार आले ते थेट माझ्या खाटेवर बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घामाने भिजलेला.

"हसले माज्यावर," म्हणाले. "साहेब बोलला, आजोबा, मोहोळ दाखवा, आत्ता थांबवतो. म्या म्हनलं, आत्ता न्हाई, दिवाळीला दावतो. तर हसले. म्हनलं, साहेब, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत पोरं नसत्यात, म्हून शाळा पाडता का? पुन्यांदा हसले. एक बाई मला म्हनली, काका, किती छान बोलता तुम्ही! छान बोलता!" ते थुंकायला दारापर्यंत गेले, न थुंकता परत आले. "मेव्हनं, तुमी असता तर इंग्रजीत सांगितलं असतं. ताप काय आजच यायचा हुता!"

मी कुशीवर वळलो. भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "हो ना."

झाड त्याच आषाढात गेलं. करवतीचा आवाज दिवसभर येत होता. हवालदारांनी संध्याकाळी शिट्टी वाजवली, आमची गिनती घेतली, आणि मागच्या भिंतीकडे गेले नाहीत. इतकंच.

आणि दिवाळीत त्या आल्या.

कुठे जाणार होत्या? आल्या. नरकचतुर्दशीच्या दुपारी आकाशात धूर यावा तसा थवा आला आणि जिथे झाड होतं तिथे, रिकाम्या हवेत, फिरत राहिला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. जिथे फांदी होती त्या उंचीवर, नेमक्या तिथे, त्या घिरट्या घालत होत्या. संध्याकाळी थकून प्लॉटच्या पत्र्याच्या कुंपणावर, जाहिरातीच्या फलकाखाली त्यांचा गोळा लोंबकळला. बिल्डरने फलकावर मोठे पांढरे दिवे लावले होते, कारण दिवाळीत सदनिकांची नोंदणी जोरात असते. दिवे लागले. माश्या त्यांच्यावर झेपावल्या, तापलेल्या काचेवर आदळून खाली पडू लागल्या. उरलेल्यांवर सकाळी तोंड बांधलेल्या दोन माणसांनी फवारा मारला. 'व्यवहार्य' शेवटी तेच निघालं.

हवालदार सूप आणि केरसुणी घेऊन तिथे गेले. रस्त्यावर बसून मेलेल्या माश्या सुपात भरायला लागले. राखणदाराने हटकलं, "बाबा, काय करताय?" त्याच्याकडे पाहिलंही नाही. लोक मोबाइलवर चित्रण करत होते. काकू पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या, आणि मी काकूंशेजारी उभा होतो. भावाने बहिणीशेजारी उभं राहावं तसा.

त्या संध्याकाळी शिट्टी वाजली ती वेगळी वाजली. सगळे दारात. हवालदार अंगणाच्या मधोमध. म्हणाले, "पस्तीस वर्सं तुरुंगात काढली. भिंत कितीबी उंच असू द्या, आतल्या मानसानं खबर दिल्याबिगर कैदी पळत न्हाई आनि भायेरचा आत येत न्हाई. झाड रिकामं कवा असतंय, हे पुन्यात कुनाला म्हाईत हुतं? ह्या बराकीला. म्याच सांगत आलोय समद्यांना, दिवा लावू नका, आत्ता आल्यात, आत्ता गेल्यात. कुनीतरी खबर दिली."

मग ते चालत गेले आणि तोलणाऱ्याच्या दारापुढे उभे राहिले.

"झाड जाळतो म्हनला हुतास."

तोलणारा आधी हसला. मग कळलं की ही मस्करी नाही. "हवालदार, तोंडानं म्हणलो हो! मला काय मिळणार? मी तिकडं पोती तोलतो, मला बिल्डर कशाला विचारील?"

"दिवा पायजे हुता तुला. आता लाव किती लावायचं त्ये. दुसरीकडं."

त्याची बायको रडायला लागली. मुलांची सहामाही परीक्षा संपली होती, एवढंच सुदैव, असं तीच रडता रडता म्हणाली. तोलणारा माझ्याकडे वळला. त्याचा तो चढा आवाज अगदी खाली आला होता. "साहेब, तुम्ही शिकलेले. तुमचं ऐकतो हा. तुम्ही तरी सांगा ना, मी नाही म्हणून."

सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. हवालदारही.

मी म्हणालो, "आज नको. त्यांचा राग जरा शांत होऊ दे."

हवालदारांनी मान हलवली, जणू मी फार समजूतदार बोललो. मी ओठ हलवत काहीतरी पुढे म्हणायचा प्रयत्न केला असावा, कारण ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमाला न्हाई विचारत म्या. तुमी कशाला हैरान होता? दोर धरनाऱ्याला विचारायचं नसतं." त्यांच्या सगळ्या आयुष्याचं शहाणपण त्या एका रितीत होतं, आणि ती रीतच त्यांना आंधळं करून गेली. चोरांवर पहारा देण्यात हयात गेलेला माणूस त्या संध्याकाळी चोराच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तोलणाऱ्याचा टेंपो आला. त्याचं सामान चढवायला मी मदत केली. गॅसची टाकी मी उचलली. तो टेंपोत बसताना म्हणाला, "साहेब, तुम्हीच एक माणूस निघालात." त्याला वजनं अचूक करायची सवय, पण माझ्या बाबतीत त्याचा काटा साफ चुकला. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला ओवाळलं. मी पाटावर बसलो. उठलो नाही. करंजीही खाल्ली.

वर्षभरात मी येरवडा सोडला. मोठं घर हवं म्हणून, असं सांगितलं. हवालदार त्यानंतर कड्यावर गेले नाहीत. मी दर वैशाखात काही ना काही कारण काढत होतो आणि दुसऱ्या कुणाच्या हाती दोर द्यायला ते तयार नव्हते. शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा भेटायला गेलो. काकूंना म्हणाले, "मेव्हन्याला च्या दे." मग माझा हात धरून, "ह्यो मानूस म्हंजी..." आणि पुढचा शब्द सापडेना म्हणून तसेच पडून राहिले. मी तेव्हा सांगू शकलो असतो. मरणाऱ्याला त्रास कशाला, असं म्हणून गप्प बसलो. गप्प बसण्यासाठी माझ्याकडे नेहमीच एखादं सुसंस्कृत कारण असतं.

प्लॉटवर आता उंच इमारत आहे. तिच्या दर्शनी बागेत पत्र्याची एक मोठी मधमाशी उभी केली आहे, मुलं तिच्यावर बसून फोटो काढतात. खाली पाटी: 'निसर्गाचा आदर करूया.' ही कल्पना आमच्या कंपनीची. कोपऱ्यात मधमाश्यांच्या दोन रंगवलेल्या पेट्या आहेत. हवालदार असते तर तेच दोन शब्द म्हणाले असते, कच्चं कैदी.

हे सगळं आज का लिहितोय? परवा आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत सभा झाली. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलंय. माणसं घाबरलीत, घाबरणं खोटं नाही. फवारणीवाल्याला बोलवावं असं ठरत आलं होतं. तेवढ्यात चेअरमन, चांगले सज्जन गृहस्थ, म्हणाले, "मारण्यापेक्षा आपोआप जातील तेव्हा जागा खरवडून तिथे डांबर फासू. म्हणजे पाप नको. अहो, तुम्ही त्या क्षेत्रातले ना? या जातात कधी?"

तोच प्रश्न. तोच 'अहो'. आणि मी सांगतो, तोंड उघडलं गेलं. तारीख जिभेवर आली होती. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं होऊन, माहीत आहे हे दाखवायची तीच हौस घशातून वर आली. मला स्वतःची शिसारी आली. मी म्हणालो, "ते मी सांगणार नाही."

"म्हणजे? माहीत नाही का?"

"माहीत आहे. सांगणार नाही. आणि जागा खरवडू देणार नाही."

कुणीतरी मागून पुणेरी सुरात म्हणालं, "वा, मेंटेनन्स माश्या भरणार वाटतं." लोक हसले. मी उठून उभा होतो, आणि मला रस्त्यावर सूप घेऊन बसलेला माणूस दिसत होता. यात शौर्य काही नाही. एका सभेत गप्प राहिल्याने दुसऱ्या खोलीत बोललेलं मागे येत नाही. मोहोळ अजून आहे. पुढच्या सभेत काय होईल ते होईल.

काकू येरवड्यातच आहेत. फाटक तेच. दर भाऊबीजेला त्यांचा फोन येतो, "दादा, येताय ना?" आणि मी दरवर्षी परगावी असतो. तोलणारा अजून मार्केट यार्डात आहे. एकदा गूळ आणायला गेलो होतो तेव्हा लांबून त्याचा आवाज ऐकला, आकडा ओरडत होता. मी दुसऱ्या बाजूने निघून आलो. येरवड्याच्या त्या गल्लीत अजूनही त्याला 'खबऱ्या' म्हणूनच आठवतात.

ज्या बाईने मला भाऊ केलं तिला मी अजून ताई म्हटलेलं नाही. ते आधी म्हणायचं आहे, आणि मग सांगायचं आहे: ताई, खबर मी दिली. त्यानंतर तोलणाऱ्याला त्याच फाटकातून आत आणून, त्याच अंगणात, सगळ्यांच्या दारासमोर, त्याचं नाव त्याला परत द्यायचं आहे. एवढं माझं देणं आहे.